चित्राखाली नाव कुणाचे?
ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी चित्रकलेची ओळख, आणि ती विकत घेणाऱ्यासाठी सहा गोष्टी

ऑस्ट्रेलियात १९६६ साली पौंड-शिलिंग जाऊन डॉलर आले. एक डॉलरची नवी नोट छापली गेली. तिच्या मागच्या बाजूस आदिवासी धाटणीचे सुंदर चित्र होते. एक मृत शिकारी, त्याच्या अंत्यविधीला जमलेली माणसे, भोवती झाडे आणि प्राणी. देशभर लाखो हातांतून हे चित्र फिरू लागले. मात्र ते काढले कुणी, याची चौकशी नोट छापणाऱ्यांनी केलीच नव्हती. कुणी तरी जुना, केव्हाच मरून गेलेला अनामिक आदिवासी असेल, असे त्यांनी धरून घेतले.

पण चित्रकार जिवंत होता! त्याचे नाव डेव्हिड मलांगी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड नावाचा आदिवासी मुलूख आहे, तिथला हा माणूस. त्याने झाडाच्या सालीवर आपल्या कुळाची कथा रंगवली होती. ती साल एका युरोपियन संग्राहकामार्फत पॅरिसला गेली आणि तिच्या फोटोवरून नोट तयार झाली. मलांगींच्या भागातील एका शाळामास्तराने चित्र ओळखले, तेव्हा गोष्ट उघडकीस आली. मग १९६७ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने मलांगींना एक हजार डॉलर, एक चांदीचे पदक आणि मासेमारीचे सामान दिले. सरकारी नोटेवर चित्र छापून झाले, वाटले गेले, आणि मग चित्रकाराचा शोध लागला!

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. काम आमच्या हातचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या आजा-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या घेतला आहे. म्हणूनच आजच्या कुटुंब पानात सातासमुद्रापलीकडच्या या बांधवांच्या कलेविषयी लिहीत आहे. आज आपली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी मेलबर्न-सिडनीला जाऊ लागली आहेत. येताना ती ठिपक्यांचे चित्र, रंगवलेले बूमरँग, टॉवेल, कप घेऊन येतात. ते भिंतीवर लागते, शोकेसमध्ये बसते. ते कुणी केले, त्याला काय मिळाले, हे मात्र घरात कुणी विचारत नाही.

चित्र म्हणजे जमिनीचा कागद

ऑस्ट्रेलियाचे मूळ लोक त्या भूमीवर पन्नास हजार वर्षांहून अधिक काळ राहत आहेत. १७८८ साली इंग्रजांनी तिथे वसाहत केली आणि ही भूमी कुणाच्याच मालकीची नव्हती असे कायद्याने मानले. माणसे समोर उभी, तरी कायद्याच्या लेखी जमीन बेवारस! हा खोटा सिद्धान्त न्यायालयाने मोडीत काढला तो १९९२ मध्ये, माबो खटल्यात. १९६७ च्या सार्वमतापर्यंत देशाच्या लोकसंख्येच्या मोजणीत या लोकांना धरले जात नव्हते. त्यांची हजारो मुले आईबापांपासून हिरावून संस्थांत आणि गोऱ्या घरांत ठेवली गेली. त्याबद्दल पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २००८ साली.

ज्यांच्याजवळ सात-बारा नाही, खरेदीखत नाही, त्यांनी जमीन आपली म्हणून सिद्ध कशी करायची? इथे त्यांची चित्रे उभी राहिली.

आर्नहेम लँडमध्ये यिरकाला येथे १९६३ साली योलंगू लोकांना न विचारता त्यांच्या जमिनीचा भाग बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेण्यात आला. त्यांनी आपल्या भाषेत आणि इंग्रजीत अर्ज टाइप केला, तो सालीवर चिकटवला आणि भोवती आपल्या कुळांची चित्रे रंगवली. हे अर्ज संसदेत सादर झाले. खाण थांबली नाही. नंतर कोर्टातही ते १९७१ मध्ये हरले. पण त्या लढ्यातूनच पुढे १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासी जमीन हक्काचा कायदा आला. ते रंगवलेले अर्ज आज कॅनबेराच्या संसद भवनात जपून ठेवलेले आहेत.

दुसरे उदाहरण १९९७ चे. पश्चिमेकडील ग्रेट सँडी वाळवंटातील नुर्रारा लोकांचा जमिनीचा दावा चालू होता. म्हाताऱ्या माणसांना इंग्रजीत साक्ष देणे जमेना. तेव्हा चाळीसहून अधिक जणांनी मिळून सुमारे दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद कॅनव्हास रंगवला. कुणाचा पाणवठा कुठे, कुणाची वाट कुठून, सगळे त्यावर आले. मग एकेक जण चित्रावर आपापल्या जागेवर उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला. चित्राने साक्षीदाराचे काम केले!

पापुण्याची शाळा

आज जगभर ओळखली जाणारी ठिपक्यांची चित्रे कॅनव्हासवर आली त्याला फार काळ झालेला नाही. मध्य ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज या गावापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर पापुण्या ही सरकारी वसाहत होती. वेगवेगळ्या जमातींचे लोक आपापल्या मुलखातून आणून तिथे वसवलेले. त्यांनी गोऱ्यांसारखे व्हावे हा सरकारचा हेतू. १९७१ साली जेफ्री बार्डन नावाचा तरुण चित्रकला शिक्षक तिथल्या शाळेत आला. मुलांना त्याने आपल्या लोकांचे आकार काढायला उत्तेजन दिले. ते पाहून मोठी माणसे पुढे आली आणि त्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. आपल्या मुलांच्या शाळेच्या भिंतीवर आपली कथा, हे तिथे प्रथमच घडत होते.

काही वर्षांतच व्यवस्थापनाने ती भिंत पुन्हा रंगवून चित्र पुसून टाकले. पण तोवर माणसे थांबायच्या पलीकडे गेली होती. मिळेल त्या फळीवर, खोक्याच्या लाकडावर, पत्र्यावर, फरशीवर त्यांनी चित्रे काढली. १९७१ मध्येच कापा जाम्पीजिन्पा यांना ॲलिस स्प्रिंग्जच्या स्पर्धेत पहिले बक्षीस विभागून मिळाले. १९७२ मध्ये चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची ‘पापुण्या तुला’ ही कंपनी काढली. ती आजही चालू आहे.

१९७२ हे वर्ष आपणही विसरू शकत नाही. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी जानेवारीत कॅनबेराच्या संसदेसमोर चार आदिवासी तरुणांनी छत्री रोवून आपला ‘दूतावास’ मांडला. आपल्याच देशात आपण परके आहोत, हे सांगण्यासाठी. आणि त्याच सुमारास ब्रिस्बेनमध्ये त्यांचीही ब्लॅक पँथर पार्टी निघाली. अमेरिकेतील काळ्या बांधवांची ठिणगी दोन्हीकडे पोचली होती.

या चित्रांच्या कमाईने पुढे काय केले तेही सांगायला हवे. वाळवंटातील किंटोर आणि किविर्कुरा या वस्त्यांत मूत्रपिंडाचे रोगी पुष्कळ. डायलिसिससाठी त्यांना घरदार सोडून किंटोरपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावे लागे. अनेक जण तिथेच, आपल्या माणसांपासून दूर मरत. २००० साली चित्रकारांनी एकत्र बसून मोठी चित्रे काढली आणि सिडनीत त्यांचा लिलाव केला. दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्या पैशातून आपल्या वस्तीत, आपल्या माणसांत डायलिसिसची सोय झाली. समाजाच्या कलेचा पैसा समाजाच्या उपयोगी कसा पडतो, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

ऐंशीच्या घरातली एमिली

आमच्या माता-भगिनींनी एमिली कामे उंग्वारे हे नाव अवश्य लक्षात ठेवावे. या बाईचा जन्म १९१० च्या सुमाराचा, मध्य ऑस्ट्रेलियातील युटोपिया भागातला. तरुणपणी तिने गोऱ्या मालकांच्या गुरांच्या वाड्यांवर कामे केली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती इतर बायकांबरोबर बाटिकचे कापड रंगवायला शिकली. कॅनव्हास तिच्या हाती आला तो ऐंशीच्या घरात असताना! त्यानंतर १९९६ साली मृत्यू येईपर्यंत जेमतेम आठ वर्षांत तिने सुमारे तीन हजार चित्रे काढली असे मानतात. जमिनीखाली पसरणाऱ्या रानकंदाची मुळे, पावसानंतर फुलणारे वाळवंट, हा तिचा विषय. तिच्या नावातला ‘कामे’ हा शब्दही त्याच कंदाच्या बियांचा. तिचे एक भव्य चित्र २०१७ मध्ये एकवीस लाख डॉलरला विकले गेले. २००८ साली जपानमध्ये तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते.

“आता या वयात काय शिकणार?” असे ज्या आजीबाई म्हणतात, त्यांना ही गोष्ट जरूर वाचून दाखवावी.

पैसा गेला कुठे?

आता मुख्य मुद्दा. जॉनी वारंगकुला जुपुरुला हे पापुण्याच्या पहिल्या फळीतले चित्रकार. त्यांचे पाण्याच्या कथेचे १९७२ मधील चित्र मुळात दीडशे डॉलरला गेले. १९९७ मध्ये लिलावात त्याला दोन लाख सहा हजार डॉलर आले. २००० मध्ये पुन्हा विकले, तेव्हा चार लाख शह्याऐंशी हजार पाचशे. आणि चित्रकार? तो म्हातारा, डोळ्यांनी अधू, गरिबीत दिवस काढत होता. या विक्रीतला वाटा त्याला द्यावा, असे कोणताच कायदा सांगत नव्हता. २००१ मध्ये तो वारला.

क्लिफर्ड पॉसम जापालजारी यांचे १९७७ मधील प्रचंड चित्र एका बँकेने बाराशे डॉलरला घेतले होते आणि ते तिच्या प्रशिक्षण केंद्राच्या उपाहारगृहात टांगलेले होते. २००७ मध्ये तेच चित्र राष्ट्रीय कलादालनाने चोवीस लाख डॉलरला घेतले. चित्रकार २००२ मध्येच गेला होता. त्याच्या हयातीत त्याच्या नावाची खोटी चित्रेही बाजारात आली. त्याने स्वतः ती पाहून “ही माझी नव्हेत” असे सांगितले आणि विकणाऱ्याला शिक्षा झाली.

त्याही आधीची आल्बर्ट नामाजिरा यांची कथा ऐका. जलरंगातील निसर्गचित्रांमुळे १९५० च्या दशकात घरोघर त्यांचे नाव झाले. पण आदिवासी म्हणून ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायची परवानगी मिळाली नाही. १९५७ मध्ये त्यांना नागरिकत्वाचे पूर्ण हक्क दिले. त्यांच्या मुलांना नाही! दुसऱ्याच वर्षी, नातलगाला दारू पुरवली या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली. आपल्या माणसांत वाटून घेणे हा त्यांचा धर्म, आणि कायद्याने तोच गुन्हा. १९५९ मध्ये ते वारले. १९८३ मध्ये सरकारी विश्वस्ताने त्यांच्या चित्रांचे कॉपीराइट कुटुंबाला न विचारता अवघ्या साडेआठ हजार डॉलरला विकून टाकले. ते वारसांच्या न्यासाकडे परत आले २०१७ मध्ये.

अशा अन्यायाविरुद्ध पुष्कळ वर्षे ओरड झाल्यावर २००९ मध्ये कायदा झाला आणि जून २०१० पासून लागू झाला. एक हजार डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीला चित्राची फेरविक्री झाली, तर पाच टक्के चित्रकाराला, आणि त्याच्या पश्चात सत्तर वर्षे वारसांना. कायदा येण्यापूर्वी घेतलेल्या चित्राच्या पहिल्या फेरविक्रीला मात्र तो लागत नाही. म्हणजे अपुरा आहे. पण हक्क म्हणून वाटा मिळाला, भीक म्हणून नव्हे, हे महत्त्वाचे.

नकली माल

१९९४ मध्ये कोर्टात एक खटला गाजला. आदिवासी चित्रकारांची चित्रे न विचारता गालिच्यांवर उतरवून ते व्हिएतनाममध्ये तयार केले गेले आणि ऑस्ट्रेलियात विकले गेले. ज्या चित्रांना त्या कुळात मान, ती पायदळी! कोर्टाने एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार डॉलरची भरपाई ठरवली. २०१९ मध्ये आणखी एका कंपनीला तेवीस लाख डॉलर दंड झाला. इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि इतर वस्तू ती आदिवासींनी रंगवलेल्या म्हणून खपवत होती. सरकारी आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०१९-२० मध्ये अशा भेटवस्तूंवर लोकांनी केलेल्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक पैसा नकली मालावर गेला होता. तेव्हा आपल्या शोकेसमधले बूमरँगही जरा उलटून पाहा!

घ्यायचे तर असे घ्या

आपल्या ओळखीचे कुणी तिकडे असतील, तर त्यांना पुढील गोष्टी कळवाव्यात.

१. नाव विचारा. चित्रकाराचे नाव, समाज आणि गाव सांगता आले पाहिजे. नुसते ‘आदिवासी शैली’ लिहिलेले असेल तर ती वस्तू आदिवासीने केलेली नाही असेच समजावे.

२. कला केंद्रातून घ्या. दूरच्या वस्त्यांत आदिवासींच्या स्वतःच्या मालकीची नव्वदच्या आसपास कला केंद्रे आहेत. रंग-कॅनव्हास पुरवणे, नोंद ठेवणे, विक्री करणे ही कामे ती करतात आणि उरलेला पैसा वस्तीतच राहतो. याउलट काही दलाल म्हाताऱ्या कलावंतांना खोलीत बसवून, थोडे पैसे किंवा एखादी जुनी मोटार देऊन ढीगभर चित्रे काढून घेतात. २००७ मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने या प्रकारांची चौकशी केली होती.

३. दाखला घ्या. त्यावर नाव, वर्ष, नोंदणी क्रमांक आणि कथा असते. दाखलाही खोटा असू शकतो. म्हणून क्रमांक केंद्राकडे विचारून पडताळावा.

४. कलाकाराला किती मिळाले, हे सरळ विचारा. प्रामाणिक दुकानदार रागावणार नाही.

५. चित्र घेतले म्हणजे त्याची छपाई करण्याचा हक्क मिळत नाही. ते टी-शर्टवर, लग्नपत्रिकेवर, बॅनरवर उतरवू नये.

६. मूळ चित्र परवडत नसेल तर लाजायचे कारण नाही. चित्रकाराचे नाव छापलेले, त्याच्या परवानगीने केलेले पोस्टकार्ड, पुस्तक किंवा रुमालही चांगला संग्रह होतो. सोबतचा कागद जपून ठेवा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका, उन्हातही नको.

पाहायचे कसे?

वाळवंटी चित्र बहुतेक वेळा वरून पाहिलेल्या जमिनीसारखे असते. एकात एक गोल म्हणजे बहुधा पाणवठा किंवा मुक्कामाची जागा. घोड्याच्या नालासारखा आकार म्हणजे बसलेला माणूस. वाळूत मांडी घालून बसल्यावर उठणारी खूणच ती. गोलांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे वाटा किंवा पाणी. पण एकाच आकाराचे अर्थ अनेक असतात. शिवाय कथेचा काही भाग फक्त जाणत्यांसाठी असतो आणि तो ठिपक्यांखाली झाकलेला असतो. त्यांनी सांगितले तेवढे ऐकावे, झाकले ते उकरू नये.

आपण बौद्ध. सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथांवर आपला विश्वास नाही. मग या चित्रांकडे आपण कसे पाहावे, असा प्रश्न कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की ज्या कथांनी आपल्याला नीच ठरवले आणि पाणवठा बंद केला, त्या आपण टाकल्या. या लोकांच्या कथा मात्र हा पाणवठा कुणाचा, तो कुणी जपायचा, कुणाचे नाते कुणाशी, हे सांगतात. तो त्यांचा कायदा आहे, नकाशा आहे. तो आपण मानावा असे नाही. पण ज्यांचा आहे त्यांचा मान राखणे हे आपले काम. चवदार तळ्याचा इतिहास असलेल्या माणसाला पाणवठ्याच्या चित्राची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

सगळे आदिवासी चित्रकार ठिपकेच काढतात असेही नाही. शहरांत वाढलेले कलावंत आज सडेतोड राजकीय कलाकृती करतात. आर्ची मूर यांनी २०२४ च्या व्हेनिस येथील जागतिक प्रदर्शनात काळ्या भिंतींवर खडूने आपल्या पूर्वजांची हजारो नावांची वंशावळ लिहिली आणि मधे कोठडीत मेलेल्या आदिवासींच्या चौकशीचे कागद रचून ठेवले. त्यांना तिथला सर्वोच्च मान, सुवर्णसिंह मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३ च्या सार्वमतात, आदिवासींना संसदेपुढे आपले म्हणणे मांडणारे मंडळ द्यायला देशाने नकार दिला होता. कलेला टाळी आणि माणसाला नकार, हा प्रकार आपल्याकडेही नवा नाही.

आपल्या कार्ल्याच्या लेण्यात एक जुना शिलालेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने इथले दार केले, असे त्यात कोरले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध विहाराच्या दारावर एका सुताराचे नाव! ज्याने काम केले त्याचे नाव लिहायचे, हा आपला वारसा आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी एक करून पाहा. मुलांना ऑस्ट्रेलियाचे आकार नकलायला लावू नका; ते त्यांचे आहेत. मुलांना आजीजवळ बसवा. आजीच्या गावची विहीर, वाडा, नदीची वाट, मुंबईला आल्यावरची पहिली खोली, नळ, विहार हे सगळे वरून पाहिल्यासारखे एका कागदावर काढायला सांगा. चित्र कसेही होवो. खाली मुलाचे नाव आणि आजीचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहा, आणि भिंतीवर लावा. तुमच्या घरच्या संग्रहातले ते पहिले चित्र.

जयभीम!